पेशीत जनुक नेणारी मेदसदृश द्रव्ये

सजीव शरीरातील प्रत्येक पेशीभोवती एक अतिशय पातळ पटल असते. मिलिमीटरचे दोन लक्ष समान भाग केले तर त्यांतील एका भागाएवढी, म्हणजे सुमारे ५ नॅनोमीटर, ह्या पटलाची जाडी भरते. तरीही पेशीच्या आत काय यावे आणि बाहेर काय जावे ह्याचा निर्णय बव्हंशी ह्याच पटलाकडे असतो. प्राणवायू ते सहज पार करतो. पाण्यासाठी आणि साखरेसाठी त्यात निराळ्या वाटा ठेवलेल्या असतात. परंतु डीएनए किंवा आरएनए ह्यांसारखा लांबलचक रेणू बाहेरून आला तर त्यास हे पटल दाद देत नाही. सदोष जनुकामुळे उद्भवणाऱ्या रोगावर निर्दोष जनुक पोचवून उपचार करावा, ही कल्पना ऐकावयास सोपी आहे. तिच्या मार्गातील सर्वांत मोठा अडसर म्हणजे हे पटल होय.

पटल कशाचे बनलेले असते हे समजण्यास साबणाचे उदाहरण उपयोगी पडते. साबणाच्या रेणूस दोन टोके असतात. एक टोक पाण्याशी सख्य करते. दुसरे, कर्बाच्या अणूंच्या लांब साखळीचे, पाण्यापासून दूर राहू पाहते आणि तेलकट मळात शिरते. पेशीपटलातील मेदद्रव्यांचे रेणूही ह्याच धर्तीचे असतात. मात्र त्यांच्या एका डोक्यास बहुधा दोन शेपट्या असतात. असे रेणू पाण्यात सोडले म्हणजे ते आपोआप दोन थरांत मांडले जातात : डोकी बाहेर पाण्याकडे, शेपट्या आत एकमेकींकडे. १९२५ मध्ये हॉलंडातील लायडन येथे गॉर्टर आणि ग्रेंडेल ह्या दोघा संशोधकांनी रक्तातील तांबड्या पेशींतील मेद वेगळा काढून पाण्यावर पसरला. त्याच्या एकेरी थराने पेशींच्या पृष्ठभागाच्या दुप्पट जागा व्यापली. पटल दुहेरी थराचे आहे हा त्यांनी काढलेला निष्कर्ष पुढे खरा ठरला. गंमत अशी, की त्यांच्या प्रयोगात दोन चुका होत्या. मेद पुरता निघाला नव्हता आणि पेशींचे क्षेत्रफळही कमी धरले गेले होते. दोन्ही चुकांनी एकमेकींस छेद दिला आणि उत्तर बरोबर आले.

जनुकाचा रेणू ह्या पटलातून का जात नाही, ह्याची कारणे उघड आहेत. एक तर तो फार मोठा असतो. दुसरे असे, की डीएनए व आरएनए ह्यांच्या साखळीतील प्रत्येक दुव्यावर फॉस्फेटचा एक गट असून त्यावर ऋण विद्युत्भार असतो. चार हजार दुव्यांच्या साखळीवर चार हजार ऋणभार! इतका भारित रेणू पाण्यास धरून राहतो, तेलकट थरात शिरत नाही. शिवाय पेशीचा पृष्ठभागही ऋणभारितच असल्यामुळे तो ह्या पाहुण्यास दूरच ठेवतो. ह्यातूनही तो रेंगाळत राहिला, तर रक्तातील विकरे त्याचे तुकडे करून टाकतात. नुसता आरएनए रक्तात सोडल्यास तो फार काळ टिकत नाही.

विषाणूचे वाहन

निसर्गात हे काम विषाणू करतात. विषाणू म्हणजे प्रथिनाच्या, पुष्कळदा मेदाच्याही, वेष्टनात गुंडाळलेली जनुके. पेशीत शिरून ती मोकळी करणे हाच त्यांचा व्यवसाय. त्यामुळे विषाणूतील रोगकारक भाग काढून त्या जागी हवे ते जनुक भरावे, हा विचार प्रथम सुचला तो स्वाभाविक होता. काही रोगांत त्यास चांगले यशही आले आहे. परंतु शरीर विषाणूस शत्रू म्हणून ओळखते, आणि ती ओळख नेहमी सौम्य असेलच असे नाही.

१९९९ च्या सप्टेंबरमध्ये अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरात अठरा वर्षांच्या एका तरुणावर असा उपचार करण्यात आला. प्रथिनांच्या पचनातून शरीरात अमोनिया तयार होतो आणि यकृत त्याचे युरियात रूपांतर करते. ह्या रूपांतरातील एक विकर त्या तरुणाच्या शरीरात पुरेसे बनत नव्हते. आहार व औषधे ह्यांच्या साहाय्याने त्याचे आयुष्य चालले होते. १३ सप्टेंबर रोजी अॅडिनोविषाणूच्या वाहनातून त्याच्या यकृताकडे जनुक सोडण्यात आले. शरीराच्या प्रतिकारशक्तीने इतका तीव्र प्रक्षोभ केला की चार दिवसांनी, १७ सप्टेंबरला, तो मरण पावला. ह्या घटनेने जनुकोपचाराचे क्षेत्र काही वर्षे हादरून गेले. विषाणूखेरीज दुसरे वाहन शोधणे हा तोवर काही रसायनशास्त्रज्ञांच्या कुतूहलाचा विषय होता; त्याची निकड आता सर्वांस पटली.

विषाणूच्या वाहनाची आणखी एक अडचण आहे. एकदा तो शरीरात गेला की त्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार होतात, आणि दुसरी मात्रा दिल्यास ती यकृतापर्यंत पोचण्याआधीच अडविली जाते. डॉक्टरास एकच संधी मिळते; मात्रा कमी पडली तर पुन्हा देता येत नाही.

पिशवी आणि तिचा भार

कृत्रिम वाहनाचा आरंभ इंग्लंडात केंब्रिजजवळील बेब्राहॅम येथे झाला. अॅलेक बँगहॅम ह्या संशोधकाने १९६० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत अंड्याच्या बलकातही विपुल असणाऱ्या लेसिथिन ह्या मेदद्रव्याचे पाण्यातील मिश्रण इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. कांद्याच्या पापुद्र्यांप्रमाणे एकात एक बसलेल्या, पाण्याने भरलेल्या सूक्ष्म पिशव्या त्यास दिसल्या. त्यांनाच पुढे लायपोसोम हे नाव मिळाले. पिशवी मिळाली म्हटल्यावर तीत काहीतरी भरून पाहण्याची इच्छा होणारच. १९७८ मध्ये सशाच्या ग्लोबिन ह्या प्रथिनाचा संदेशवाहक आरएनए अशा पिशव्यांतून उंदराच्या पेशींत पोचविण्यात आला. परंतु साध्या लेसिथिनच्या पिशवीत आरएनए किंवा डीएनए फारच थोडा मावतो. पिशवी बंद होताना जो योगायोगाने आत सापडेल तेवढाच.

१९८७ मध्ये कॅलिफोर्नियात फिलिप फेल्ग्नर आणि त्याचे सहकारी ह्यांनी योगायोगावरचे हे अवलंबन संपविले. जनुकावर ऋणभार आहे, तर मेदाच्या डोक्यावर धनभार द्यावा, म्हणजे दोघे आपण होऊन एकत्र येतील, असा त्यांचा सरळ विचार होता. निसर्गातील पेशीपटलांत असे धनभारित मेद आढळत नाहीत. तो रेणू प्रयोगशाळेतच घडवावा लागला. डॉटमा हे त्याचे संक्षिप्त नाव. त्याच्या डोक्यावरील नत्राच्या अणूस चार कर्बअणू जोडलेले असल्यामुळे त्यावरील धनभार कायमचा असतो. डीएनएच्या द्रावणात ह्या मेदाच्या पिशव्या मिसळल्या की क्षणार्धात दोहोंचा संयोग होतो आणि काचपात्रातील पेशी तो आत घेतात. तोपर्यंत प्रचारात असलेल्या पद्धतींहून हे तंत्र पाचपट ते शंभरपटीहूनही अधिक परिणामकारक ठरले.

काचपात्रात जे साधले ते प्राण्याच्या शरीरात मात्र साधेना. रक्तातील बहुतेक प्रथिने ऋणभारित असतात. ती ह्या धनभारित कणांस चिकटून त्यांचे गोळे करतात. असे गोळे शिरेतून गेल्यावर जी पहिली अरुंद जाळी लागते ती फुप्फुसांतील केशवाहिन्यांची, आणि पुष्कळसा माल तेथेच अडकतो. त्यातच कायमचा धनभार पेशींच्या पटलांस इजा करतो. भारताच्या प्रयोगशाळांतही ह्या काळात धनभारित मेदांवर बरेच काम झाले. हैदराबाद येथील भारतीय रासायनिक तंत्रज्ञान संस्थेत अरबिंद चौधुरी आणि त्यांचे सहकारी, तसेच बेंगळुरू येथील भारतीय विज्ञान संस्थेत शंतनु भट्टाचार्य आणि त्यांचे सहकारी ह्यांनी डोक्याच्या रचनेत लहानसहान फेरबदल करून त्यांचा परिणाम तपासला. डोक्यावरील नत्रास अल्कोहोलचा एक गट जोडल्यास जनुक पोचविण्याचे काम सुधारते, हे हैदराबादच्या संशोधनाचे एक फलित होय.

आवश्यक तेव्हाच भार

भार नसावा तर जनुक बांधले जात नाही. असावा तर रक्तात उपद्रव होतो. ह्या पेचातून वाट निघाली ती अम्लतेच्या एका साध्या गुणधर्मातून. नत्राचा जो अणू तीनच कर्बअणूंशी जोडलेला आहे, त्यावर कायमचा भार नसतो. परंतु अम्ल द्रावणात तो हायड्रोजनचा एक आयन उचलतो आणि धनभारित होतो. द्रावण अम्लरहित झाले की तो आयन सोडून देतो. ज्या पीएचला अशा रेणूंपैकी निम्मे भारित असतात त्या अंकास रसायनशास्त्रज्ञ पीकेए म्हणतात. व्हँकूव्हर येथील ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातील पीटर कलिस आणि त्याच्याबरोबर काम करणाऱ्या गटांनी हा अंक हवा तेथे आणून बसविण्याचा उद्योग अनेक वर्षे केला.

अंक कोठे असावा? रक्ताचा पीएच ७.४ असतो. पेशी एखादा कण आत घेते तेव्हा पटलाचाच एक खळगा आत वळून त्या कणाभोवती कोष तयार होतो, आणि पेशी त्या कोषात हळूहळू अम्ल भरू लागते. पीएच प्रथम ६.३ च्या आसपास, मग ५.५ पर्यंत आणि शेवटी ५ च्याही खाली उतरतो. शेवटच्या ह्या कोषात पाचक विकरे असतात. तेथवर पोचलेला माल नष्ट झाला असेच समजावे. तेव्हा रक्तात जवळजवळ भाररहित आणि कोषात भारित, असा रेणू हवा. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अशा अनेक मेदांची उंदरांवर तुलना करण्यात आली, तेव्हा पीकेए ६.२ ते ६.५ च्या दरम्यान असलेले रेणू इतरांहून कितीतरी सरस ठरले. त्यांतील सर्वोत्तम रेणूचा, संक्षेपाने एमसी-३ ह्याचा, अंक ६.४४ होता. हिशेब केला तर असे दिसते, की रक्तात ह्याच्या शंभर रेणूंपैकी सुमारे दहाच भारित असतात आणि पीएच ५.५ च्या कोषात सुमारे नव्वद.

एवढ्याशा अंकाने किती फरक पडावा! यकृतातील एका जनुकाचे कार्य निम्म्यावर आणण्यास ह्या मालिकेतील आधीच्या एका मेदाची मात्रा उंदराच्या वजनाच्या दर किलोग्रॅममागे सुमारे १ मिलिग्रॅम लागत असे. एमसी-३ ची मात्रा ०.००५ मिलिग्रॅम पुरली. अर्थात सुधारणा केवळ पीकेएची नव्हती. डोके आणि शेपट्या ह्यांना जोडणारा सांधाही बदलला होता.

शेपट्यांचा प्रश्न स्वयंपाकघरातील अनुभवावरून समजतो. तूप थंडीत थिजते, करडईचे तेल थिजत नाही. तुपातील मेदाम्लांच्या साखळ्या बव्हंशी सरळ असतात, त्या काड्यांच्या जुडीसारख्या एकमेकींस घट्ट बिलगतात. करडईच्या तेलात मुख्यतः लिनोलिइक अम्ल असते. त्याच्या साखळीत दोन दुहेरी बंध असून प्रत्येक बंधाशी साखळीस बाक येतो. वाकड्या काड्यांची जुडी बांधता येत नाही. एमसी-३ च्या दोन्ही शेपट्या लिनोलिइक अम्लापासूनच घेतलेल्या आहेत. लहान डोके आणि पसरट, वाकड्या शेपट्या असा हा रेणू उलट्या धरलेल्या शंकूसारखा दिसतो. कोषाच्या पटलातील ऋणभारित मेदाशी त्याची जोडी जमली म्हणजे ती जोडी सपाट थरात बसेनाशी होते. थर दुमडतो, त्याच्या नळ्या बनतात, पटल फाटते, आणि आतील माल पेशीद्रवात सांडतो.

निदान सिद्धान्त असा आहे. प्रत्यक्षात सांडणारा भाग फार थोडा असतो. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोजणीनुसार पेशीत शिरलेल्या लहान आरएनए रेणूंपैकी शेकडा एक किंवा दोनच कोषातून निसटतात. त्याच वर्षीच्या दुसऱ्या एका संशोधनात आढळले, की आत आलेल्या मालापैकी शेकडा ७० च्या आसपास पेशी पुन्हा बाहेर टाकून देते. आज यशस्वी समजली जाणारी वाहनेसुद्धा ह्या दृष्टीने पाहता अत्यंत उधळी आहेत.

बाराशे रेणूंची चाळणी

व्हँकूव्हरचा मार्ग एकेक रेणू विचारपूर्वक सुधारण्याचा होता. मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेत रॉबर्ट लँगर आणि डॅनियल अँडरसन ह्यांच्या प्रयोगशाळेने अगदी निराळा मार्ग धरला. त्यांचा प्रश्न असा होता : उत्तम रेणू कोणता हे जर आधी सांगता येत नसेल, तर शेकडो रेणू एकदम का करू नयेत?

त्याकरिता रासायनिक क्रिया अतिशय सुटसुटीत असावयास हवी. नेहमीच्या पद्धतीने एक नवा मेद तयार करण्यास अनेक पायऱ्या लागतात. प्रत्येक पायरीनंतर शुद्धीकरण करावे लागते. ह्या संशोधकांनी एकाच पायरीची क्रिया निवडली. एका बाजूस अमाइन, म्हणजे नत्र व त्यास जोडलेले हायड्रोजन असणारे लहान रेणू. ही भावी डोकी. दुसऱ्या बाजूस अॅक्रिलेट किंवा अॅक्रिलामाइड, म्हणजे एका टोकास क्रियाशील दुहेरी बंध असलेल्या लांब साखळ्या. ह्या भावी शेपट्या. दोहोंचे मिश्रण तापवून ढवळत ठेवले की नत्रावरील हायड्रोजनच्या जागी एकेक साखळी येऊन बसते. द्रावक लागत नाही, उत्प्रेरक लागत नाही, उपपदार्थही उरत नाही. वीस डोकी आणि वीस शेपट्या घेतल्यास चारशे निरनिराळी द्रव्ये मिळतात, आणि ती करण्यास चारशेपट श्रम पडत नाहीत. २००८ मध्ये ह्या पद्धतीने केलेल्या बाराशेहून अधिक द्रव्यांचा वृत्तान्त प्रसिद्ध झाला. निसर्गातील मेदांशी त्यांचे साम्य होते, परंतु ग्लिसरॉलचा सांगाडा किंवा फॉस्फेटचे डोके त्यांत नव्हते; म्हणून त्यांस लिपिडॉइड, म्हणजे मेदसदृश, असे नाव देण्यात आले.

ह्या द्रव्यांची नावे पत्त्यासारखी वाचता येतात. सर्वांत प्रभावी ठरलेल्या एका द्रव्याचे नाव '९८एन१२-५' असे आहे. ९८ हा यादीतील अमाइनचा क्रमांक. 'एन' म्हणजे सांधा अमाइडचा (एस्टरचा असता तर 'ओ' हे अक्षर आले असते). १२ म्हणजे शेपटीतील कर्बअणूंची संख्या. आणि ५ म्हणजे शेपट्या पाच. ९८ क्रमांकाच्या अमाइनमध्ये नत्राचे चार अणू असून त्यांवर एकूण सहा हायड्रोजन बदलता येण्याजोगे आहेत. तेव्हा जास्तीत जास्त सहा शेपट्या लागू शकतात. प्रथम जे मिश्रण मिळाले त्यात निरनिराळ्या संख्येच्या शेपट्यांचे रेणू एकत्र होते. ते वेगळे करून पाहिल्यावर पाच शेपट्यांचा रेणू सर्वांत गुणी निघाला. साबणाचा रेणू एकशेपटी, पेशीपटलाचा दुशेपटी आणि हा पाचशेपटी! कोणाही रसायनशास्त्रज्ञाने कागदावर प्रथम हाच रेणू काढला असता असे वाटत नाही. हे द्रव्य उंदीर, घूस आणि माकडे ह्या तिन्हींच्या यकृतात आरएनए पोचवू शकले.

त्यास मात्रा मात्र बरीच लागे. २०१० मध्ये त्याच गटाने अॅक्रिलेटऐवजी इपॉक्साइड घेतले. इपॉक्साइडमध्ये प्राणवायूचा एक अणू दोन कर्बअणूंबरोबर तीन कोनांचे तंग कडे करून बसलेला असतो. अमाइन ते कडे उघडते आणि सांध्याजवळ अल्कोहोलचा गट शिल्लक राहतो. ह्या दुसऱ्या संचातील 'सी१२-२००' हे द्रव्य दर किलोग्रॅम वजनामागे ०.०१ मिलिग्रॅमहूनही कमी मात्रेत उंदराच्या यकृतातील जनुक शांत करू शकले. इतकी कमी मात्रा पुरत असल्यामुळे एकाच वेळी पाच निरनिराळी जनुके शांत करून दाखविता आली.

चाळणी लावून रत्न सापडते, पण ते रत्न का आहे हे चाळणी सांगत नाही. ह्या पद्धतीवरील हा आक्षेप रास्त होता. २०१४ मध्ये कॅथरिन व्हाइटहेड आणि सहकाऱ्यांनी विघटनक्षम अशा सुमारे चौदाशे लिपिडॉइडांचा अभ्यास करून त्यातून नियम काढण्याचा प्रयत्न केला. जी द्रव्ये उंदरात उपयोगी पडली त्यांत चार गोष्टी समान दिसल्या : मूळच्या अमाइनमध्ये तीन कर्बांशी जोडलेला नत्राचा अणू असणे, शेपट्या तीन किंवा अधिक असणे, शेपटी तेरा कर्बअणूंची असणे, आणि कणाच्या पृष्ठभागाचा पीकेए ५.४ किंवा त्याहून अधिक असणे. ह्यांतील तिसरी अट चमत्कारिक आहे. निसर्गातील मेदाम्ले दोन दोन कर्बअणूंच्या टप्प्याने बनत असल्यामुळे त्यांची संख्या जवळजवळ नेहमी सम असते. येथे मात्र विषम तेरा हा आकडा बाराहून आणि चौदाहून सरस निघाला. पीकेएची अट मात्र ओळखीचीच होती. व्हँकूव्हरचा विचार आणि बोस्टनजवळची चाळणी ह्या दोन वाटा येथे एकमेकींस येऊन मिळतात.

कणाची घडण

वाहन एकट्या लिपिडॉइडचे नसते. २०१८ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेले पॅटिसिरान हे ह्या जातीचे पहिले औषध होय. ते एका आनुवंशिक मज्जारोगावर देतात. त्यातील लहान आरएनए यकृतात दूषित प्रथिनाचे उत्पादन थांबवितो. त्याच्या कणात दर शंभर मेदरेणूंत सरासरी ५० एमसी-३ चे, ३८.५ कोलेस्टेरॉलचे, १० लेसिथिनच्या जातीच्या एका मेदाचे आणि १.५ पॉलिएथिलीन ग्लायकॉल जोडलेल्या मेदाचे असतात. कोलेस्टेरॉल फटी बुजवते. शेवटच्या मेदाची लव्हेसारखी साखळी कण एकमेकांस चिकटू देत नाही. ती अधिक झाली तर कण पेशीसही चिकटत नाहीत, म्हणून तिचे प्रमाण इतके अल्प. मेद अल्कोहोलात आणि आरएनए अम्ल पाण्यात विरघळवून दोन्ही प्रवाह अरुंद नळीत वेगाने एकत्र आणले, की सुमारे १०० नॅनोमीटर किंवा त्याहून लहान व्यासाचे कण बनतात. नंतर अम्ल व अल्कोहोल काढून टाकतात. भार नाहीसा होतो. तोवर आरएनए आत कोंडला गेलेला असतो.

२०२० च्या डिसेंबरमध्ये कोव्हिडच्या साथीत ज्या दोन संदेशवाहक आरएनए लशी अमेरिकेत वापरात आल्या, त्यांची वाहनेही ह्याच कुळातील होती. त्यांच्या मेदांच्या शेपट्यांत मात्र एस्टरचे सांधे मुद्दाम ठेवले होते. शरीरातील विकरे हे सांधे तोडतात, आणि काम झाल्यावर मेद साचून राहत नाही. एका लशीच्या मात्रेत आरएनए ३० मायक्रोग्रॅम होता, दुसरीच्या मात्रेत १०० मायक्रोग्रॅम. त्या प्रारंभी अनुक्रमे सुमारे उणे ७० आणि उणे २० अंश सेल्सिअस तपमानात ठेवाव्या लागत. आरएनए मुळातच नाजूक. शिवाय भार घेण्यासाठी ठेवलेल्या नत्राचे ऑक्सिडीकरण होऊन जे अल्प अशुद्ध पदार्थ बनतात, ते आरएनएस चिकटून त्यास निकामी करतात, असे २०२१ मध्ये दिसून आले. एवढी थंडी गावोगावच्या आरोग्यकेंद्रांत कोठून आणावयाची? पुण्यातील जेनोव्हा ह्या कंपनीने तयार केलेली, भारतात विकसित झालेली पहिली संदेशवाहक आरएनए लस जून २०२२ मध्ये आणीबाणीच्या वापरासाठी मान्य झाली. ती साध्या शीतकपाटाच्या २ ते ८ अंश तपमानात टिकते.

यकृत आणि यकृतापलीकडे

ही वाहने शिरेतून दिली की बहुतांशी यकृतात जातात. ह्याचे कारण वाहनात नसून रक्तात आहे. रक्तात शिरताच भाररहित कणावर अपोलायपोप्रोटीन-ई हे प्रथिन येऊन बसते. हे प्रथिन आहारातील मेदाचे कण यकृताकडे नेणारे वाटाडे आहे. यकृताच्या पेशी त्यास ओळखतात आणि त्याबरोबर आलेल्या परक्या कणासही आपला समजून आत घेतात. वाहन घडविणाऱ्यांनी ही युक्ती योजिली नव्हती. ती नंतर कळली.

यकृताच्या रोग्यांस हा लाभच आहे, इतरांस अडचण. २०२० मध्ये डॅलस येथील डॅनियल सीगवार्ट आणि सहकाऱ्यांनी दाखविले, की चार घटकांत पाचवा मेद मिसळल्यास उंदरात कणाचा मुक्काम बदलतो. कायमचा धनभार असलेला मेद अधिक घातला तर कण फुप्फुसाकडे जातात, ऋणभारित घातला तर प्लीहेकडे. फेल्ग्नरच्या पद्धतीतील जो दोष होता तोच येथे योग्य मापाने उपयोगी पडला. श्वासावाटे वाहन देण्याचाही यत्न झाला आहे. सिस्टिक फायब्रोसिस ह्या फुप्फुसांच्या आनुवंशिक रोगात धनभारित मेदातून डीएनए एक वर्षभर दरमहा तुषाररूपाने देण्याचा प्रयोग ब्रिटनमध्ये करण्यात आला. २०१५ मध्ये त्याचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. औषध घेतलेल्यांची श्वसनक्षमता निरौषध गटाच्या तुलनेत शेकडा ३.७ ने बरी राहिली. फरक खरा होता, पण लहान. डीएनएस पेशीद्रवात पोचून भागत नाही, त्यास केंद्रकातही शिरावे लागते. आणि रोग्याच्या फुप्फुसातील दाट कफ कणांस पेशीपर्यंत पोचूच देत नाही.

२०२५ च्या आरंभी फिलाडेल्फियातच दुसरा एक रोगी होता : काही महिन्यांचे मूल. त्याच्याही यकृतात अमोनियाचे युरिया करणाऱ्या साखळीतील एक विकर बनत नव्हते. १९९९ मधील तरुणाच्या विकराहून हे निराळे, परंतु त्याच साखळीतील. हा रोग अधिक उग्र असून तो झालेल्या अर्भकांपैकी सुमारे निम्मी बाल्यातच दगावतात. ह्या मुलाच्या जनुकातील एकाच अक्षराची चूक दुरुस्त करणारे विकर आणि त्यास नेमकी जागा दाखविणारा आरएनए ह्यांची जुळणी सुमारे सहा महिन्यांत करण्यात आली. ह्या वेळी वाहन विषाणूचे नव्हते, मेदाच्या कणांचे होते. त्यामुळे पहिली मात्रा अगदी लहान, दर किलोग्रॅममागे ०.१ मिलिग्रॅम, देऊन थांबता आले. काही विपरीत घडत नाही असे पाहून सुमारे तीन आठवड्यांनी ०.३ मिलिग्रॅमची दुसरी मात्रा देण्यात आली आणि एप्रिलमध्ये तिसरी. मुलास पूर्वीपेक्षा अधिक प्रथिने पचू लागली आणि अमोनिया हटविणाऱ्या औषधाची मात्रा निम्म्यावर आणता आली. यकृताच्या किती पेशींत दुरुस्ती झाली हे मोजण्यासाठी यकृताचा तुकडा काढून तपासावा लागला असता. एवढ्या लहान मुलाच्या बाबतीत डॉक्टरांनी तो धोका पत्करला नाही.